दार रंगवावें तें पाडव्याला

दसरा आठ-दहा दिवसांवर आला म्हणजे रंगाच्या दुकानांतून गर्दी उसळते. वर्षभर ज्या दाराकडे कोणीं ढुंकूनहि पाहिलेलें नसतें, त्याचे पोपडे एकाएकीं सर्वांच्या डोळ्यांवर येऊं लागतात. रंगारी मिळेनासा होतो. मिळालाच तर दोन दिवसांत काम आटोपून पुढच्या घरीं जाण्याच्या घाईंत असतो. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळीं दार आरशासारखें चकाकतें, आणि पुढच्या वैशाखांत त्याच दारावर फोड येतात. पावसाळा सरतां सरतां पापुद्रे सुटूं लागले म्हणजे यजमान रंग करणाऱ्या कारखान्याच्या नांवानें बोटें मोडतात. आमच्या मतें यांत रंगाचा दोष फारच थोडा असतो. एक दोष असतो वेळेचा; आणि दुसरा, जुन्या रंगाशीं आपण ज्या बेपर्वाईनें वागतों तिचा. या दुसऱ्या दोषाचा संबंध केवळ दाराच्या शोभेशीं नसून घरांतील लहान मुलांच्या प्रकृतीशीं आहे, म्हणून त्याविषयीं थोडें सविस्तर लिहिणें आम्हांस अवश्य वाटतें.

प्रथम वेळेचा विचार करूं. लांकूड झाडापासून तुटलें, चौकटींत बसलें, त्याला पन्नास वर्षें लोटलीं, तरी हवेशीं चाललेला त्याचा देवघेवीचा व्यवहार थांबत नाहीं. दमट हवेंत तें पाणी घेऊन रुंदीनें फुगतें आणि कोरड्या हवेंत पाणी सोडून आकसतें. उंचींत मात्र त्याला फारसा फरक पडत नाहीं. याचा पुरावा घरोघरीं आहे. आषाढ-श्रावणांत जें दार चौकटीला घासतें, खांद्यानें रेटल्याशिवाय लागत नाहीं, तेंच माघांत एका बोटानें सरकतें. कांहीं मंडळी श्रावणांतच सुताराला बोलावून दाराची कड रंध्यानें ताशून घेतात, आणि उन्हाळ्यांत फटींतून रस्त्यावरचा उजेड घरांत येऊं लागला म्हणजे त्याच सुताराला नांवें ठेवतात!

फुगलेल्या लांकडावर रंगाचा घट्ट पापुद्रा चढविला म्हणजे आंतलें पाणी कोंडलें जातें. ऊन तापलें कीं त्याची वाफ बाहेर पडूं पाहते व रंगाला आंतून ढकलते. फोड म्हणतात तो हाच. शिवाय लांकूड आकसतें, पण वर कडक झालेला रंग त्याच्याबरोबर तितका आकसत नाहीं. त्यामुळें जेथें दोन पट्ट्यांचा सांधा असतो तेथें प्रथम केसासारखी भेग पडते. पुढच्या पावसाचें पाणी त्या भेगेंतून आंत शिरतें, आणि एकदां आंत शिरलेलें पाणी रंगाच्या मागच्या बाजूनें पसरत जातें. सबंध हाताएवढा पापुद्रा एकदम निघून हातांत येतो, तो या रीतीनें.

पाऊस नवरात्रापर्यंत रेंगाळणें ही आपल्याकडे नवी गोष्ट नाहीं. कोंकणांत आणि मुंबईंत तर पाऊस गेला तरी हवेंतला दमटपणा जात नाहीं. अशा वेळीं दिवाळीपूर्वींच्या आठवड्यांत रंगविलेलें दार बहुधा ओल्या लांकडावर रंगविलेलें असतें. यावर आमची सूचना साधी आहे. दिवाळीला दार कोमट पाण्यानें व थोड्या साबणानें पुसून काढावें, पितळेची कडी, कोयंडा व नांवाची पाटी घासून लख्ख करावी, बिजागऱ्यांत तेल सोडावें, तोरण बांधावें. आणि रंगाचें काम माघ-फाल्गुनावर ढकलावें. त्या दिवसांत हवा कोरडी असते, ऊन अजून कडक झालेलें नसतें, रंगाऱ्याला सवड असते व त्यामुळें तो मन लावून काम करतो. शुभदिनाचीच गोष्ट असेल, तर गुढी तरी दुसरीकडे कोठें उभारतात? तीहि याच दाराशीं. पाडव्याला नव्या रंगाचें दार असावें यांत रूढीचा भंग तर नाहींच, उलट औचित्य अधिक आहे.

लांकूड वाळलें कीं नाहीं हें ओळखण्याला दारासारखा दुसरा साक्षीदार नाहीं. चौकट व दार यांच्यामध्यें सर्व बाजूंनीं एखादें पोस्टकार्ड सहज सरकूं लागलें आणि दार कोठेंहि घासत नसलें, म्हणजे वेळ झाली असें समजावें. हल्लीं सुतारांकडे दोन टांचण्यांचें, लांकडांतला ओलावा मोजण्याचें लहानसें यंत्रहि असतें; त्यांत आंकडा १५ टक्क्यांच्या आंत आला म्हणजे रंग द्यावयास हरकत नाहीं. ज्यांचें दार इमारतीच्या बंदिस्त जिन्यावर उघडतें, पावसाचा थेंब ज्याला कधीं शिवत नाहीं, त्यांना हें ऋतूचें बंधन पुष्कळ सैल आहे. परंतु पुढें जें सांगावयाचें आहे तें त्यांनाहि लागू आहे.

आतां जुन्या रंगाकडे वळूं. दार रंगवितांना रंगारी पहिलें काम करतो तें खरवडण्याचें व घासण्याचें. पूर्वीं हातांत घासकागद असे, आतां विजेचें घासण्याचें यंत्र असतें. त्यानें तासाभरांत दार गुळगुळीत होतें आणि घरभर बारीक धूळ पसरते. या धुळींत काय असतें याचा विचार फार थोड्या घरीं होतो. आपल्या देशांत घरगुती रंगांतील शिशाला कायद्यानें आळा बसला तो अगदीं अलीकडे. केंद्र सरकारनें त्याविषयींचे नियम २०१६ सालीं जाहीर केले आणि ते १ नोव्हेंबर २०१७ पासून अमलांत आले. या नियमांनीं रंगांतील शिशाचें प्रमाण दहा लक्ष भागांत ९० भागांपेक्षां अधिक असतां कामा नये असें ठरविलें. म्हणजे त्यापूर्वीं रंगविलेल्या कोणत्याहि दाराच्या जुन्या थरांत शिसें असण्याचा संभव धरूनच चाललें पाहिजे.

रंगांत शिसें पूर्वींपासून होतें व तें मुद्दाम घालीत. जुना सफेदा हा शिशाचाच क्षार. लांकडाच्या अस्तराचा जो गुलाबी रंग असे तो या सफेद्यांत शेंदूर मिसळून होई, आणि शेंदूर हेंहि शिशाचेंच भस्म. पिंवळा, नारिंगी आणि हिरवा हे झळझळीत रंग बहुधा शिशाच्या क्रोमेटाचे असत. काव-गेरूच्या जातीचे तपकिरी रंग लोखंडाच्या मातीचे, म्हणून त्या मानानें निर्धोक; परंतु तेलाचा रंग लवकर वाळावा म्हणून जीं द्रव्यें घालीत त्यांतहि शिसें असे, तेव्हां चॉकलेटी दार आहे म्हणून निर्धास्त राहतां येत नाहीं.

मुलांना यापासून काय होतें हें जगाला शंभर वर्षांहून अधिक काळ ठाऊक आहे. ऑस्ट्रेलियांतील क्वीन्सलंड प्रांतांत ब्रिस्बेन येथें लॉकहार्ट गिब्सन या नांवाचे नेत्रवैद्य होते. तेथील मुलांना होणाऱ्या शिशाच्या विषबाधेचें मूळ घरांच्या रंगविलेल्या भिंतींत आणि व्हरांड्याच्या कठड्यांत आहे, असें त्यांनीं १९०४ सालीं प्रसिद्ध केलें. उन्हानें भुकटी झालेला रंग मुलांच्या हाताला लागे आणि हात तोंडांत जात. त्यांच्या म्हणण्याला पुष्कळांनीं विरोध केला. तरी १९२२ सालीं त्या प्रांतांत मुलांचा हात पोंचेल अशा जागीं शिशाचा रंग लावण्यास कायद्यानें बंदी झाली. जागतिक आरोग्य संघटनेचें आजचें मत असें आहे कीं, रक्तांत अमुक इतकें शिसें चालेल अशी निर्धोक मर्यादाच सांगतां येत नाहीं. मोठ्या माणसाच्या मानानें लहान मूल पोटांत गेलेलें शिसें पुष्कळच अधिक शोषून घेतें आणि त्याचा मेंदू त्या वेळीं वाढीला लागलेला असतो. मूल आजारी दिसत नाहीं. तें अभ्यासांत मागें पडतें, चिडचिडें होतें, लक्ष एके ठिकाणीं ठरत नाहीं, आणि आपण त्याला हट्टी म्हणतों.

आतां आपल्या घरांतील उंबरठ्याचा विचार करावा. रोज सकाळीं तेथें पाणी शिंपडतात, रांगोळी काढतात, हळदकुंकू वाहतात. रांगतें मूल घरांत असलें तर त्याची आवडती जागा तीच, कारण बाहेरचें जग तेथून दिसतें. दाराच्या खरवडीची सगळी भुकटी पडते ती नेमकी त्याच जागीं, आणि तेथून ओल्या पायांनीं स्वयंपाकघरापर्यंत जाते. दारावर कोरडें यंत्र फिरवूं देऊं नये, असें आम्ही आग्रहानें सांगतों तें यासाठीं.

मग करावें काय? पहिली गोष्ट ही कीं, जुना रंग घट्ट बसला असेल तर तो काढण्याचा हव्यास धरूं नये. चाकूनें त्यावर एक बारीक फुली मारावी, चिकटपट्टी दाबून लावावी व झटक्यानें ओढावी. रंगाचा तुकडा निघाला नाहीं तर तो थर चांगला आहे. त्यावर नवा रंग चढवितां येतो आणि खालचें शिसें जेथल्या तेथें कोंडून राहतें. जेथें पोपडे आहेत तेवढीच जागा खरवडावी, व ती ओली करून. पाण्यांत चालणारा घासकागद कोठेंहि मिळतो. शेजारीं पाण्याची बादली ठेवून स्पंजानें जागा भिजवीत भिजवीत घासावें, म्हणजे धूळ उडत नाहीं, चिखल होतो. खालीं प्लॅस्टिकची जाड चादर अंथरून तिच्या कडा वर उचलून ठेवाव्या. घासणारानें निदान एन-९५ जातीची मुखपट्टी लावावी. साध्या फडक्यानें कांहीं होत नाहीं. काम चालूं असेपर्यंत मुलांना आणि गर्भवती स्त्रियांना दुसऱ्या घरीं पाठवावें, निदान आंतल्या खोलींत दार लावून ठेवावें. शेवटीं झाडू मुळींच न मारतां ओल्या फडक्यानें दोन-तीन वेळां जमीन पुसावी आणि ती फडकीं व खरवड पिशवींत घट्ट बांधून टाकावी. ती तुळशीच्या किंवा भाजीच्या वाफ्यांत जातां कामा नये. घासण्याच्या पाण्याचा विपर्यास एकच : दार थोडें भिजतें. म्हणून घासल्यावर चार-पांच दिवस तें वाळूं द्यावें. फाल्गुनांत तेवढे दिवस पुरे होतात. अश्विनांत होत नाहींत.

जुना रंग जाळून काढण्याची एक रीत आहे. दिव्याच्या ज्योतीनें रंग फुगवून सुरीनें तो सोलतात. शिशाच्या रंगावर ही रीत सर्वांत वाईट, कारण फार तापलें म्हणजे शिशाचा धूरच श्वासांत जातो. कॉस्टिक सोड्यानें रंग निघतो खरा, पण सागवान काळवंडतें आणि सांध्यांत राहिलेला सोडा पुढें नव्या तेलाच्या रंगाचा साबण करून टाकतो.

येथें रंगाऱ्याविषयीं दोन शब्द लिहिल्यावांचून आम्हांस राहवत नाहीं. आपल्या घरांत ही धूळ दोन दिवस असते. त्याच्या नाकांत ती वर्षाचे बारा महिने जाते, आणि त्याच कपड्यांनीं तो आपल्या मुलांना उचलून घेतो. चौरस फुटाच्या भावानें काम ठरविलें म्हणजे तो जलद रीत पत्करणारच. ओलें घासण्याला वेळ दुप्पट लागतो. तेव्हां त्या कामाची रोजी निराळी ठरवावी, मुखपट्टी आपण आणून द्यावी, आणि काम झाल्यावर हात-तोंड धुण्यास साबण-पाणी द्यावें. चार बायाबापड्यांच्या ओट्या भरणाऱ्या घराला एवढें जड नसावें.

आतां रंगाची निवड. वाड्यांतून जुन्या सागवानाचीं दारें अजून पुष्कळ आहेत. कोणावर गणेशपट्टी, कोणावर वेलबुट्टीचें कोरीव काम. पुण्याच्या विश्रामबाग वाड्याचा कोरीव सागवानी दर्शनी भाग ज्यांनीं लक्षपूर्वक पाहिला असेल, त्यांना असल्या लांकडाचें सौंदर्य त्याच्या तंतूंत व कोरण्याच्या धारेंत असतें हें सांगावयास नको. अशा दारांवर एकावर एक ऑइलपेंटचे थर चढवून कोरीव काम बुजविणें हा आम्हांस रसिकतेचा अभाव वाटतो. जुना थर सावकाश, ओल्या रीतीनें काढून दार तेलावर ठेवावें. जवसाचें उकळलेलें तेल, ज्याला रंगारी बेलतेल म्हणतात, तें आणि टर्पेंटाइन निम्मेंनिम्म घेऊन फडक्यानें चोळावें, पाव तासानें वर राहिलेलें सगळें पुसून काढावें, आणि दोन दिवसांनीं पुन्हां द्यावें. दुसऱ्या वेळीं टर्पेंटाइन कमी. तेलाचा पापुद्रा होत नाहीं, म्हणून तो सोलूनहि निघत नाहीं. फिका पडतो इतकेंच. दरवर्षीं पावसापूर्वीं एक हात फिरविला कीं झालें. अतिदमट जागीं मात्र या तेलावर काळी बुरशी धरते. कोंकणांत होड्यांना व लांकडाला काजूच्या टरफलांचें तेल लावण्याची चाल आहे. त्याला वाळवी आणि पाणी दोन्हीं भितात, परंतु तें अंगाला लागलें तर फोड येतात, म्हणून हौशी माणसानें त्याच्या वाटेस जाऊं नये.

पॉलिशाचा मोह पुष्कळांना असतो. लाखेचा चपडा स्पिरिटांत विरघळवून केलेलें पॉलिश आंतल्या कपाटाला शोभतें; बाहेरच्या दारावर पाण्याचा थेंब राहिला कीं तेथें पांढरा डाग पडतो. पारदर्शक व्हार्निश किंवा हल्लींचें पॉलियुरेथेन याहून पुष्कळ टिकाऊ, परंतु त्यांची अडचण निराळी आहे. ऊन त्यांतून आरपार जातें. लांकडाचे तंतू एकमेकांस चिकटवून ठेवणारें लिग्निन नांवाचें द्रव्य उन्हांतील अतिनील किरणांनीं खचतें, आणि ज्या पृष्ठावर व्हार्निश चिकटलें तेंच भुसभुशीत झाल्यामुळें वरचा थर धडधाकट असूनहि सुटून येतो. पश्चिमेचें ऊन झेलणाऱ्या दाराला पारदर्शक कांहीं लावावयाचें असेल, तर दर दोन-तीन वर्षांनीं त्याची उजळणी करण्याची तयारी पाहिजे. जिन्यावरच्या सावलींतील दाराला तें उत्तम.

उन्हापावसांतल्या दाराला खरें संरक्षण देतो तो अपारदर्शक रंग. यांत दोन घराणीं आहेत. एक तेलाचें, म्हणजे ज्याला आपण एनॅमल किंवा ऑइलपेंट म्हणतों. मुंबईंत १९४२ सालीं चार मित्रांनीं सुरू केलेल्या एशियन पेंट्स कंपनीच्या जाहिरातींत आर. के. लक्ष्मण यांनीं १९५४ सालीं काढलेला, कुंचला घेतलेला तो खट्याळ गट्टू ज्यांना आठवत असेल, त्यांच्या घरचें दार बहुधा याच जातीच्या रंगाचें असे. हा रंग कुंचल्याच्या रेघा राहूं न देतां सपाट पसरतो, कडक होतो व चकाकतो. पण वाळल्यावरहि त्याची हवेंतील प्राणवायूशीं क्रिया चालूंच राहते. वर्षानुवर्षें तो अधिकाधिक कडक व ठिसूळ होत जातो आणि लांकडाच्या हालचालीला दाद देईनासा होतो. अंधाऱ्या जागीं पांढरा असल्यास पिंवळाहि पडतो.

दुसरें घराणें पाण्यांत कालविलेल्या ॲक्रिलिक एनॅमलचें. तें लवचीक राहतें, आंतली वाफ थोडीबहुत बाहेर जाऊं देतें, पिंवळें पडत नाहीं, त्याला उग्र दर्प नसतो आणि दोन-तीन तासांत हाताला लागेनासें होतें. त्याचे दोष दोन. कडक उन्हांत तें कुंचल्याखालींच वाळूं लागतें व रेघा राहतात. आणि पहिले कांहीं दिवस दार चौकटीला चिकटतें, जोरानें ओढलें तर रंगाची साल निघते. तरीहि बाहेरच्या लांकडी दाराला आमची पसंती याच रंगाला आहे. मात्र जुन्या तुकतुकीत ऑइलपेंटवर तो तसाच चढविला तर सापाच्या कातेसारखा उतरतो. खालचा रंग कोणत्या जातीचा हें पाहण्यास कापसाचा बोळा स्पिरिटांत भिजवून जोरानें घासावा. रंग मऊ पडून बोळ्यावर आला तर तो पाण्याच्या जातीचा. आला नाहीं तर तेलाचा, आणि मग ओल्या घासकागदानें त्याची चकाकी पूर्ण मारून अस्तर दिल्याशिवाय पुढें जाऊं नये.

रंगाच्या छटेविषयीं ज्याची त्याची आवड. एवढेंच सांगतों कीं काळपट रंग ऊन पितो. पश्चिमेच्या दाराला गडद निळा किंवा काळसर तपकिरी दिला तर चैत्र-वैशाखांत तें हात ठेववणार नाहीं इतकें तापतें आणि सांधे लवकर उकलतात.

कामाची रीत आतां थोडक्यांत सांगतां येईल. सागवान स्वभावतः तेलकट असतें व त्या तेलानें रंग वाळण्यास अडथळा येतो. म्हणून उघड्या सागवानावर अस्तर देण्यापूर्वीं स्पिरिटाच्या किंवा थिनरच्या फडक्यानें तें पुसून काढावें. देवदाराच्या फळ्या असल्या तर गांठींतून राळ पाझरते. तेवढ्या जागीं चपड्याचे दोन पातळ हात द्यावे. नंतर अस्तर, म्हणजे लांकडाचा प्रायमर, थोडा पातळ करून. लांबी भरावयाची ती अस्तरानंतर, आधीं नव्हे, कारण कोरें लांकूड लांबींतलें तेल पिऊन टाकतें व ती सुटून पडते. खडूची पूड व बेलतेल यांची जुनी लांबी अजूनहि चांगली. भिंतीसाठीं मिळणारी सिमेंटची पांढरी पुट्टी कांहीं रंगारी सोयीसाठीं दारालाहि फासतात. तें करूं देऊं नये, ती लांकडाबरोबर हलत नाहीं. लांबी वाळल्यावर हलकें घासून पुन्हां अस्तराचा एक पातळ हात, आणि मग रंगाचे दोन. एक जाड हात दोन पातळ हातांची बरोबरी कधींच करीत नाहीं. तो वरून वाळतो, आंत कच्चा राहतो व सुरकुततो.

पॅनेलचें दार असल्यास प्रथम मधलीं पॅनेलें, मग आडव्या पट्ट्या, शेवटीं उभ्या, आणि कुंचल्याचा अखेरचा फेर नेहमीं लांकडाच्या तंतूंच्या दिशेनें. कडी, कोयंडा, पाटी हीं सर्व काढून ठेवावीं. त्यांच्याभोंवतीं रंग लावणें हें रंगाऱ्याच्या आळसाचें चिन्ह आहे. सर्वांत महत्त्वाचा भाग कोणाच्या नजरेस पडत नाहीं तो दाराचा तळ. उभ्या पट्ट्यांचीं कापलेलीं टोकें तेथें उघडीं असतात व तीं वातीप्रमाणें पाणी वर ओढतात. त्यांत आपल्याकडे उंबरठ्यावर रोज पाणी! दार बिजागऱ्यांवरून उतरवून तळाला व माथ्याला अस्तराचे आणि रंगाचे पुरे हात दिले, तर दाराचें आयुष्य खात्रीनें वाढतें. वाड्याचें जुनें दार खांचेंत फिरणाऱ्या लांकडी खुंट्यांवर असल्यामुळें उतरत नाहीं. तेथें जुन्या दांतांच्या ब्रशाला दांडी बांधून खालून रंग पोंचवावा. उंबरठा मात्र रंगवूं नये, त्यावर तेलच बरें. पायांखालीं रंग टिकत नाहीं.

अस्तराला किंवा रंगाला हात घालण्याची वेळ सकाळीं दंव वाळल्यावर. दारावर प्रत्यक्ष ऊन असेल तर तें सरकेपर्यंत थांबावें, आणि दुपारी तीन-चारच्या सुमारास कुंचला खालीं ठेवावा. दर्शनी दार रात्रीं लावावें तर लागतेंच. चोराला नवा रंग वाळण्याची वाट पाहावयास सांगतां येत नाहीं. म्हणून ऑइलपेंट असल्यास एक दिवस बाहेरची बाजू व दुसरे दिवशीं आंतली करावी, आणि चौकटीला टेकणाऱ्या कडा अगदीं सकाळीं प्रथम रंगवाव्या. सात फूट उंच व तीन फूट रुंद दाराच्या दोन्हीं बाजू, कडा आणि चौकट मिळून ५० ते ५५ चौरस फूट होतात. एक लिटर रंग एका हाताला साधारण १०० ते १४० चौरस फूट पुरतो. तेव्हां दोन हातांना एक लिटर पुरेसा आहे. दुकानदार चार लिटरचा डबा स्वस्त पडेल म्हणून सांगेल, त्याला भुलूं नये.

बेलतेल वापरलेल्या घरीं एक धोका लक्षांत ठेवावा. हें तेल वाळतें तें उडून जाऊन नव्हे, तर हवेंतला प्राणवायू घेऊन; आणि त्या क्रियेंत उष्णता निघते. तेलानें भिजलेल्या फडक्यांचा बोळा करून कोपऱ्यांत किंवा केराच्या डब्यांत टाकला, तर ती उष्णता आंत सांचून कांहीं तासांनीं तो बोळा आपोआप पेट घेऊं शकतो. फडकीं पाण्यांत बुडवून ठेवावीं किंवा अंगणांत दोरीवर एकेक सुटें वाळत घालावें.

रंग झाल्यावर पहिली जखम त्याला करतों आपणच. दर दसऱ्याला तोरणासाठीं चौकटीच्या माथ्यावर एक नवा खिळा ठोकला जातो आणि जुन्यांच्या भोंकांतून पाणी आंत उतरतें. पितळेचीं दोन लहान आंकडीं एकदांच स्क्रूनें बसवून घ्यावीं व भोंकें लांबीनें बुजवावीं. उरलेला रंग मोठ्या डब्यांत ठेवला तर आंतल्या हवेनें त्यावर साय धरते. तो कांचेच्या लहान बाटलींत गळ्यापर्यंत भरून, छटेचा आंकडा व तारीख लिहून, मुलांच्या हातीं लागणार नाहीं अशा जागीं ठेवावा. ज्येष्ठांत पहिल्या पावसापूर्वीं दाराच्या खालच्या कडेवरून बोट फिरवावें, आणि जेथें खरखरीत लागेल तेथें त्या बाटलींतला रंग लावून टाकावा.